वेबव्ह्यूला सगळं कळतं, हा भ्रम

विजेचं बिल, विम्याचा हप्ता, बसचं तिकीट, काहीही मोबाइल ॲपमधून भरायला घ्या. एका टप्प्यावर पडद्याचा तोंडवळा बदलतो. बटणं निराळी दिसतात, अक्षरं बारीक होतात, वर कधी पत्त्याची पट्टी येते तर कधी तीही नसते. त्या वेळी ॲपच्या आत एक वेबपान उघडलेलं असतं. हे पान दाखवणारा भाग म्हणजे वेबव्ह्यू, ॲपमध्ये बसवलेला ब्राउझर. त्यातलं पान दुसऱ्या पत्त्यावर जायला निघालं की वेबव्ह्यू ॲपच्या कोडला हाक मारतो: हे पान अमुक ठिकाणी निघालंय, जाऊ देऊ का? अँड्रॉइडवर या हाकेचं नाव 'शुड ओव्हरराइड यूआरएल लोडिंग'. अशा हाकेला डेव्हलपर मंडळी कॉलबॅक म्हणतात.

आपल्याकडच्या कितीतरी ॲपमध्ये पेमेंटचा सगळा शेवटचा टप्पा या एका कॉलबॅकच्या भरवशावर लिहिलेला असतो. त्यामुळे त्याच्याविषयीचे गैरसमज डेव्हलपरच्या टेबलावर राहत नाहीत. खात्यातून पैसे गेलेत, तिकीट आलेलं नाही आणि ॲप म्हणतंय 'काहीतरी चुकलं', अशा रूपात ते स्टेशनवर उभ्या असलेल्या माणसापर्यंत पोचतात. ही तक्रार टाळता येण्यासारखी आहे, म्हणूनच हे गैरसमज एकेक करून तपासायला हवेत.

गैरसमज: वेबव्ह्यू म्हणजे छोटा क्रोम. क्रोममध्ये चाललं की इथेही चालणार.

असं वाटण्याला कारण आहे. 2013 मध्ये अँड्रॉइड 4.4 आलं तेव्हापासून वेबव्ह्यूचं इंजिन क्रोमियमचं आहे, आणि 2014 च्या अँड्रॉइड 5.0 पासून ते प्ले स्टोअरमधून स्वतंत्रपणे अपडेट होतं. पान मांडणं, जावास्क्रिप्ट चालवणं ही कामं दोन्हीकडे सारखीच होतात. पण इंजिनाभोवती क्रोमने जी व्यवस्था उभी केलेली आहे, ती वेबव्ह्यूत नसते. ती ॲप लिहिणाऱ्याने करायची असते.

याचं रोजचं उदाहरण म्हणजे यूपीआय. पेमेंटच्या पानावर एखाद्या यूपीआय ॲपचं चिन्ह दाबलं की पान ज्या पत्त्यावर निघतं, तो 'एचटीटीपीएस'ने सुरू होत नाही. तो असतो 'यूपीआय://पे', आणि प्रश्नचिन्हापुढे मोजकी माहिती: 'पीए' म्हणजे पैसे घेणाऱ्याचा यूपीआय आयडी, 'पीएन' म्हणजे त्याचं नाव, 'एएम' म्हणजे रक्कम, 'सीयू' म्हणजे चलन. ही मांडणी एनपीसीआयने ठरवलेली आहे, म्हणजे 2016 मध्ये यूपीआय सुरू करणाऱ्या मुंबईच्या संस्थेने. असा पत्ता समोर आला की क्रोम अँड्रॉइडला विचारतो, हा कोण उघडू शकतं? मग फोनमधल्या यूपीआय ॲपची यादी वर सरकते. वेबव्ह्यू असं काही विचारत नाही. तो पत्ता तुमच्या कॉलबॅकपुढे ठेवतो आणि तुम्ही 'चालू दे' म्हणालात तर स्वतःच उघडायला जातो. यूपीआय हा प्रकार त्याला ठाऊकच नाही. पडदा पांढरा होतो आणि वर एक ओळ उमटते: 'नेट ईआरआर अननोन यूआरएल स्कीम'.

उपाय मोठा नाही. पत्ता एचटीटीपी किंवा एचटीटीपीएसचा नसेल तर त्याचा इंटेंट (म्हणजे 'हे उघडा' अशी विनंती) बनवायचा, तो अँड्रॉइडच्या हवाली करायचा आणि वेबव्ह्यूला 'तू थांब' सांगायचं. 'टेल' किंवा 'मेलटू'ने सुरू होणाऱ्या, तसंच व्हॉट्सॲप उघडणाऱ्या लिंकही याच वाटेने जातात. उघडणारं ॲप फोनमध्ये नसेल तर 'ॲक्टिव्हिटी नॉट फाउंड' हा एक्सेप्शन येतो. तो पकडला नाही तर ॲप क्रॅश होतं, तेही माणूस पैसे भरत असताना.

इथे आणखी एक गोष्ट पुष्कळांना गोत्यात आणते. पूर्वी इंटेंट सोडण्याआधी 'रिझॉल्व्ह ॲक्टिव्हिटी' विचारून पाहण्याची पद्धत होती. अँड्रॉइड 11 ने एका ॲपला दुसरी ॲप दिसण्यावर मर्यादा आणली. ॲपने आपल्या मॅनिफेस्टमध्ये 'क्वेरीज' या टॅगखाली यूपीआय स्कीमची नोंद केलेली नसेल, तर त्या प्रश्नाचं उत्तर 'कोणीच नाही' असं येतं. फोनमध्ये तीन यूपीआय ॲप असतात आणि पडद्यावर मात्र 'तुमच्याकडे यूपीआय ॲप नाही' असं झळकतं. गंमत म्हणजे विचारणा न करता थेट इंटेंट सोडला असता तर तो बिनबोभाट उघडला असता. म्हणून आधी विचारण्यापेक्षा इंटेंट सोडून एक्सेप्शन पकडणं हाच रस्ता मला जास्त भरवशाचा वाटतो.

गैरसमज: 'ट्रू' म्हणजे जाऊ दे, 'फॉल्स' म्हणजे अडव.

उलट आहे. 'ट्रू' म्हणजे मी बघतो, तू थांब. 'फॉल्स' म्हणजे तुझं चालू दे. नाव नीट वाचलं तर प्रश्नच 'ओव्हरराइड करू का' असा आहे.

या उलटापालटीतून एक दोन ओळींचा कोड पिढ्यान्‌पिढ्या उतरवला गेला आहे: कॉलबॅकमध्ये आलेला पत्ता पुन्हा 'लोड यूआरएल'ला द्यायचा आणि 'ट्रू' परत करायचं. पान उघडतं, म्हणून कोणाला खटकत नाही. पण यात चालू असलेली वाट रद्द होते आणि त्याच पत्त्याची नवी वाट सुरू होते. असं करू नका, नुसतं 'फॉल्स' परत करा, हे अँड्रॉइडच्या अधिकृत दस्तऐवजात स्पष्ट लिहिलेलं आहे. आणि वेबव्ह्यूला क्लायंट, म्हणजे हे कॉलबॅक ऐकणारा कोड, दिलेलाच नसेल तर तो लिंक कोणी उघडायची ते सिस्टिमलाच विचारतो, म्हणजे बहुधा बाहेरचा ब्राउझर उघडतो. 'आमच्या लिंक बाहेर का उघडतात' या नवशिक्यांच्या प्रश्नाचं उत्तर एवढंच आहे.

गैरसमज: पान कुठेही गेलं तरी हा कॉलबॅक येतोच.

सगळ्यात जास्त नुकसान या समजुतीने होतं. हा कॉलबॅक कधी येत नाही, ते आधी पाहू.

तुम्ही स्वतः 'लोड यूआरएल'ने उघडलेल्या पहिल्या पत्त्यासाठी येत नाही. ते रास्तच आहे, पत्ता तुम्हीच दिलेला असतो. पण त्या पत्त्याने पुढे रिडायरेक्ट केलं तर त्या रिडायरेक्टसाठी येतो. 2016 च्या अँड्रॉइड 7.0 पासून या कॉलबॅकला नुसत्या पत्त्याऐवजी पूर्ण रिक्वेस्ट मिळते आणि हे रिडायरेक्ट आहे का, माणसाच्या बोटाने सुरू झालं का, मुख्य पानासाठी आहे का, हे तीनही तिला विचारता येतं. पानाच्या आत बसवलेल्या आयफ्रेमसाठी तो येऊ शकतो, इतकंच दस्तऐवज म्हणतो. 'येऊ शकतो' यावर कोणी हिशोब मांडू नये.

पान न बदलता पत्ता बदलतो तेव्हाही तो येत नाही. आजच्या पुष्कळ साइट एकच पान उघडतात आणि पुढे जावास्क्रिप्टच्या 'पुश स्टेट'ने वरचा पत्ता बदलत राहतात. माणसाला वाटतं आपण कार्टवरून पेमेंटवर आलो. वेबव्ह्यूच्या लेखी पान तेच असतं. असा बदल कळायला 'डू अपडेट व्हिझिटेड हिस्टरी' हा वेगळा कॉलबॅक आहे, आणि तो ऐकणारी ॲप मला फार थोडी दिसली आहेत.

आणि फॉर्म 'पोस्ट' पद्धतीने पाठवला जातो तेव्हा तो येत नाही. इथे थोडं थांबायला हवं, कारण कार्डाने पैसे भरण्याची वाट पोस्टनेच भरलेली असते.

रिझर्व्ह बँकेने 2009 पासून ऑनलाइन कार्ड व्यवहाराला दुसरी पडताळणी सक्तीची केली. त्यामुळे आपल्याकडे कार्डाचा व्यवहार एका पानावर संपत नाही. पेमेंट गेटवेच्या, म्हणजे दुकानदारासाठी पैसे स्वीकारणाऱ्या सेवेच्या, पानावर कार्डाचा क्रमांक भरला की पान बँकेकडे जातं. बँकेचं पान ओटीपी मागतं. तो टाकून बटण दाबलं की बँकेचं उत्तर एका न दिसणाऱ्या फॉर्ममध्ये भरलं जातं, एक छोटी स्क्रिप्ट तो फॉर्म आपोआप सबमिट करते आणि उत्तर गेटवेकडे पोस्ट होतं. 'कृपया मागे जाऊ नका, पान रिफ्रेश करू नका' ही ओळ आपण सगळ्यांनी श्वास रोखून वाचलेली आहे. ती ओळ दिसत असते तेव्हा पडद्यामागे हा फॉर्म निघालेला असतो.

हे डोळ्यांनी पाहता येतं. फोन केबलने लॅपटॉपला जोडा, लॉगकॅट उघडा. शुड ओव्हरराइडमध्ये एक आणि 'ऑन पेज स्टार्टेड'मध्ये एक, अशा पत्ता छापणाऱ्या दोन ओळी घाला आणि गेटवेच्या चाचणी खात्यावर एक कार्ड व्यवहार करा. ऑन पेज स्टार्टेडखाली बँकेचा पत्ता दिसेल, गेटवेचा परतीचा पत्ता दिसेल. शुड ओव्हरराइडखाली पोस्टने गेलेल्या पत्त्यांच्या जागी काहीच नसेल. ज्या ॲपने 'परतीचा पत्ता दिसला की खिडकी बंद करा' ही अट शुड ओव्हरराइडमध्ये लिहिली असेल, त्या ॲपची खिडकी बंदच होणार नाही. माणूस फिरणाऱ्या चक्राकडे बघत राहील आणि शेवटी कंटाळून 'मागे' दाबेल, म्हणजे नेमकं जे करू नका म्हटलं होतं तेच करेल.

यावर सर्रास केला जाणारा उपाय म्हणजे अट उचलून ऑन पेज स्टार्टेडमध्ये नेणं. तो कॉलबॅक मुख्य पान लोड व्हायला लागलं की येतो, मग ते 'गेट' पद्धतीने येवो वा 'पोस्ट'ने. खिडकी बंद करण्यापुरता हा उपाय चालतो. मात्र तिथे आलेली ती फक्त वर्दी असते. 'नको' म्हणायची सोय त्यात नाही. आणि खिडकी बंद करून कोड तिथेच ठरवून मोकळा होतो की पैसे आले.

गैरसमज: 'सक्सेस' पत्ता दिसला म्हणजे पैसे आले. दिसला नाही म्हणजे आले नाहीत.

या लेखातली हीच गोष्ट मला सगळ्यात कळकळीने सांगायची आहे. वेबव्ह्यूतला पत्ता हा पडद्यावर काय चाललंय याची बातमी देतो. पैसे कुठून कुठे गेले, याच्याशी त्याचा थेट संबंध नाही.

आधी पहिलं अर्धं वाक्य. परतीचा पत्ता ग्राहकाच्या फोनमध्ये उघडतो, आणि ग्राहकाच्या फोनमधल्या कोणत्याही गोष्टीवर तुमची सत्ता नसते. परतीच्या पत्त्यात 'स्टेटस=सक्सेस' असं लिहिलेलं असेल आणि ॲप तेवढंच वाचून माल पाठवत असेल, तर ते शब्द दुसरं कोणीही तिथे आणू शकतं. यूपीआय ॲपकडून इंटेंटला जे उत्तर परत येतं, ज्यात व्यवहाराचा आयडी, रिस्पॉन्स कोड आणि स्टेटस असतो, त्यालाही हेच लागू आहे. तेही फोनच्या आतल्या आत, एका ॲपने दुसऱ्याला सांगितलेलं आहे.

दुसरं अर्धं वाक्य जास्त त्रासाचं, कारण त्यात कोणाची लबाडी नसते. माणूस तुमच्या ॲपमधून यूपीआय ॲपमध्ये गेला, पिन टाकला, पैसे गेले. एवढ्यात दोन-तीन जीबी रॅमच्या फोनने मागे पडलेलं तुमचं ॲप जागा रिकामी करण्यासाठी बंद केलं. माणूस परत येतो तेव्हा ॲप नव्याने सुरू होतं. ज्या वेबव्ह्यूत परतीचा पत्ता दिसायचा, तो वेबव्ह्यूच उरलेला नसतो. किंवा घाटात रेंज जाते. किंवा फोन येतो. पैसे गेलेले असतात आणि कॉलबॅक आलेला नसतो.

म्हणून व्यवहाराचा निकाल सर्व्हरने सर्व्हरला विचारायचा असतो. गेटवे तुमच्या सर्व्हरला वेबहुक पाठवतो, त्यावर स्वाक्षरी असते, ती तुमच्याकडच्या गुप्त किल्लीने पडताळायची. वेबहुक आलाच नाही तर ऑर्डरचा क्रमांक घेऊन स्थिती विचारण्याची सोय असते, ती ठरावीक अंतराने वापरायची. वेबव्ह्यूत परतीचा पत्ता दिसला की ॲपने एकच करावं: खिडकी मिटावी, आपल्या सर्व्हरला 'या ऑर्डरचं काय झालं' विचारावं आणि उत्तर येईपर्यंत 'तपासत आहोत' असं प्रामाणिकपणे लिहावं. 'अयशस्वी' हा शब्द तर सर्व्हरने सांगितल्याशिवाय पडद्यावर येऊच नये. तो वाचून माणूस दुसऱ्यांदा पैसे भरतो.

पैसे कापले गेले पण दुकानदाराकडे पोचल्याचं कळलं नाही, या परिस्थितीला रिझर्व्ह बँकेच्या 20 सप्टेंबर 2019 च्या परिपत्रकात वेगळं कलम आहे. यूपीआयने व्यापाऱ्याला केलेल्या अशा व्यवहारात पाच दिवसांच्या आत पैसे आपोआप परत यायला हवेत, त्यापुढे दिवसाला 100 रुपये भरपाई. हा नियम ग्राहकाला माहीत असायला हवा आणि डेव्हलपरलाही, कारण त्याच्या ॲपने दाखवलेल्या संदेशावरून ग्राहक पुढचं पाऊल उचलतो.

गैरसमज: परवानगीच्या डोमेनची यादी ठेवली की वेबव्ह्यू सुरक्षित.

यादी ठेवणं योग्यच. ती तपासायची कशी, यात घोळ होतो. पत्ता ही साधी अक्षरांची ओळ समजून तिच्यात नाव शोधलं जातं, आणि पत्त्याला तर स्वतःचं व्याकरण आहे.

रिझर्व्ह बँकेने 2025 मध्ये देशातल्या बँकांना 'बँक.इन' या राखीव डोमेनखाली यायला सांगितलं आणि त्यासाठी 31 ऑक्टोबर 2025 ही मुदत दिली. हेतू चांगला: शेवटी हे डोमेन दिसलं की ती बँकच. आता समजा तुमच्या कोडमध्ये अट आहे की होस्टचं नाव 'बँक.इन'ने संपलं पाहिजे. 'अमुक.बँक.इन' या अटीत बसतं. पण 'लबाडबँक.इन' हेही बसतं, कारण तेही त्याच अक्षरांनी संपतं. ते राखीव डोमेनखाली नाही, साध्या 'इन'खालचं कोणाचंही नाव आहे. सगळा फरक 'बँक'च्या आधीच्या एका टिंबाचा. अट 'टिंब बँक टिंब इन' अशी हवी, किंवा त्याहून बरं म्हणजे आपल्याला हवा तो पूर्ण होस्ट जसाच्या तसा जुळवावा.

सुरुवात तपासणाऱ्यांचीही तीच गत. 'एचटीटीपीएस://अमुक.बँक.इन'ने सुरू होतो का, एवढंच पाहिलं तर 'अमुक.बँक.इन.लबाड.कॉम' आत येतो. पुढे '@' घालून 'अमुक.बँक.इन@लबाड.कॉम' लिहिलं तरी आत येतो, कारण '@'च्या आधीचा मजकूर वापरकर्त्याचं नाव मानला जातो आणि खरा होस्ट नंतर असतो. यूआरएल आधी यूआरआय वर्गाकडून फोडून घ्यावी, स्कीम वेगळी आणि होस्ट वेगळा तपासावा. अक्षरं शोधत बसू नये.

शिवाय ही यादी तपासणारा कोड बहुतेक ठिकाणी शुड ओव्हरराइडमध्येच असतो, आणि पोस्टने गेलेल्या पानासाठी तो चालतच नाही, हे आपण वर पाहिलं. यादीबाहेरचं पान त्या वाटेने वेबव्ह्यूत शिरलं आणि तुम्ही 'ॲड जावास्क्रिप्ट इंटरफेस'ने ॲपची एखादी वस्तू पानाला दिलेली असेल, तर ती त्या पानालाही मिळते. ही वस्तू सगळ्या फ्रेममध्ये जाते, आयफ्रेममधल्या जाहिरातीतसुद्धा, आणि हाक कोणत्या फ्रेममधून आली हे ॲपला कळत नाही. अँड्रॉइड 4.2 च्या आधी तर त्या वस्तूमधून रिफ्लेक्शनने थेट सिस्टिमपर्यंत हात पोचायचा. ते दार बंद झालं, तरी फ्रेमचा प्रश्न आहे तसाच आहे. अँड्रॉइडएक्सच्या वेबकिट लायब्ररीत 'ॲड वेब मेसेज लिसनर' आहे, त्याला कोणत्या ओरिजिनला परवानगी ते आधीच सांगावं लागतं. नवीन कोडमध्ये तेच वापरावं.

'इंटेंट://'ने सुरू होणाऱ्या लिंकबद्दलही सांगायला हवं. ती लिंक 'पार्स यूआरआय'ने फोडून तशीच सोडली, तर पानाला तुमच्या ॲपमधला असा पडदाही उघडता येतो, जो बाहेरच्यांसाठी तुम्ही मुद्दाम बंद ठेवलेला आहे. कारण इंटेंट तुमचं ॲपच सोडत असतं. सोडण्याआधी 'ब्राउझेबल' कॅटेगरी लावावी, कंपोनंट आणि सिलेक्टर दोन्ही नल करावेत. तीन ओळींचं काम आहे आणि पुष्कळ कोडमध्ये त्या तीन ओळी नसतात.

गैरसमज: शुड इंटरसेप्ट रिक्वेस्ट वापरलं की एकूण एक ट्रॅफिक हातात येतो.

चित्रं, स्क्रिप्ट, फाँट यांच्यासाठीही हा कॉलबॅक येतो, त्यामुळे तो सर्वज्ञ वाटतो. पण पोस्टमध्ये काय पाठवलं ते त्याला दिसत नाही. मिळणाऱ्या रिक्वेस्टमध्ये पद्धत आणि हेडर असतात, मजकूर नसतो. रिडायरेक्ट झालं तर फक्त पहिल्या पत्त्यासाठी येतो, पुढच्यांसाठी नाही. सर्व्हिस वर्करने केलेल्या मागण्यांसाठी वेगळा कंट्रोलर लावावा लागतो. आणि तो मुख्य थ्रेडवर येत नाही, तेव्हा त्यातून पडद्याला हात लावू नये.

गैरसमज: ऑन पेज फिनिश्ड आलं, म्हणजे पान दिसायला लागलं.

मुख्य पान लोड होऊन संपलं, एवढंच ते सांगतं. पुढच्या क्षणी पडद्यावर तेच चित्र असेल याची हमी अँड्रॉइड देत नाही. जावास्क्रिप्टने मागून भरला जाणारा मजकूर तर तेव्हा आलेलाही नसतो.

गैरसमज: आयफोनवर आणि विंडोजवर हेच आहे, फक्त नावं वेगळी.

नावांपुरतं असतं तर किती बरं झालं असतं. आयफोनवरच्या डब्ल्यूके वेबव्ह्यूत, जो 2014 मध्ये आयओएस 8 बरोबर आला, निर्णय परत करायचा नसतो. एक डिसिजन हँडलर हातात दिला जातो आणि तो बरोबर एकदा चालवायचा असतो. कोडच्या एखाद्या फांदीत तो चालवायचा राहिला तर ॲप क्रॅश होतं. याचा फायदा असा की सर्व्हरला विचारून, उत्तर आल्यावर सावकाश निर्णय देता येतो. पोस्टसाठीही विचारणा होते, आणि तुम्ही स्वतः उघडलेल्या पहिल्या पत्त्यासाठीही. नंतर सर्व्हरचं उत्तर आलं की दुसरी विचारणा होते, तेव्हा स्टेटस कोड बघूनही अडवता येतं. अँड्रॉइडच्या सवयीने लिहिणारा माणूस पहिल्याच पत्त्याला 'बाहेरचा' ठरवून अडवतो आणि कोरा पडदा बघत बसतो. नव्या टॅबमध्ये उघडणाऱ्या लिंकची तऱ्हा निराळीच. तिला टार्गेट फ्रेम नसते, आणि नवा वेबव्ह्यू कसा करायचा हे सांगणारा कॉलबॅक लिहिला नसेल तर दाबूनही काही होत नाही. ॲपलने जुना यूआय वेबव्ह्यू असलेली नवी ॲप एप्रिल 2020 पासून घेणं बंद केलं, तेव्हा घाईने बदललेल्या ॲपमध्ये ही 'मुकी' लिंक हमखास सापडायची.

विंडोजवर जुन्या सॉफ्टवेअरमधला वेब ब्राउझर कंट्रोल रजिस्ट्रीत वेगळं सांगितलं नाही तर इंटरनेट एक्सप्लोरर 7 सारखा वागतो. एक्सप्लोररचा आधार 15 जून 2022 ला संपला. त्याची जागा घेणाऱ्या वेबव्ह्यू2 मध्ये 'नेव्हिगेशन स्टार्टिंग' या इव्हेंटला 'कॅन्सल' ट्रू करून वाट अडवता येते. रिडायरेक्ट झालं की तोच इव्हेंट पुन्हा येतो, पण नेव्हिगेशन आयडी तोच राहतो. आयडी न पाहता मोजणी केली तर एक भेट तीन भेटी दिसतात.

गैरसमज: बँकेचं पान एचटीटीपीएसवर आहे, कुलूप दिसतंय, म्हणजे मधल्या ॲपला काही दिसत नाही.

हा गैरसमज वापरणाऱ्यांचा आहे. एचटीटीपीएस फोनपासून सर्व्हरपर्यंतची वाट झाकतं. वेबव्ह्यू मात्र ॲपच्या आतच असतो. ज्या ॲपला पानाची वाट अडवता येते, त्याला त्या पानात स्वतःची जावास्क्रिप्ट घालता येते, आणि पानातला कोणताही मजकूर, टाइप केलेलं प्रत्येक अक्षर वाचता येतं. वर दिसणारं कुलूपही ॲपनेच काढलेलं चित्र असू शकतं. ऑगस्ट 2022 मध्ये फेलिक्स क्राउजे या ऑस्ट्रियन डेव्हलपरने मोठ्या समाजमाध्यमांची ॲप आपल्या आत उघडलेल्या बाहेरच्या साइटवर स्वतःची स्क्रिप्ट घालतात हे जाहीरपणे दाखवलं आणि कोणालाही स्वतः तपासता यावं म्हणून एक पान खुलं केलं. स्क्रिप्ट घातली म्हणजे पासवर्ड चोरले असं सिद्ध होत नाही, हे त्यानेही स्पष्ट केलं होतं. पण तसं करणं शक्य आहे, आणि माणसाला त्याचा पत्ता लागणार नाही.

लॉगिनच्या बाबतीत हा धोका ओळखून नियम आधीच बदललेले आहेत. ऑक्टोबर 2017 च्या आरएफसी 8252 या मानकाने मोबाइल ॲपनी लॉगिनसाठी आत बसवलेला ब्राउझर वापरू नये असं बजावलं. गूगलने 2017 पासून वेबव्ह्यूतून होणारं आपलं लॉगिन अडवायला सुरुवात केली. तिथे येणारा 'डिसअलाउड यूजरएजंट' हा संदेश बघून यूजर एजंट बदलून पळवाट काढणारे डेव्हलपर अजूनही आहेत. त्यांनी तसं करू नये. ही बंदी वापरणाऱ्याच्या भल्यासाठी आहे.

त्याऐवजी अँड्रॉइडवर कस्टम टॅब आहे, आयफोनवर 'एएस वेब ऑथेंटिकेशन सेशन' आहे. दोन्हींत पान खऱ्या ब्राउझरच्या ताब्यात राहतं. कस्टम टॅब ॲपला एवढंच कळवतो की पान लोड व्हायला लागलं, झालं, फसलं किंवा सोडून दिलं. कोणत्या पत्त्यावर ते सांगत नाही. लॉगिन झाल्यावर ब्राउझरने ॲपकडे परतायचं ते आधी ठरवलेल्या पत्त्याने. तो पत्ता ॲपची स्वतःची स्कीम असेल तर तीच स्कीम दुसरं ॲपही सांगू शकतं. म्हणून अँड्रॉइड 6.0 पासून पडताळलेल्या ॲप लिंक आल्या, ज्यात तुमच्या डोमेनवरची एक फाइल 'हे ॲप माझंच' असं सांगते. आणि परतीच्या पत्त्यातला कोड तरीही कोणाच्या हाती लागलाच, तर 2015 च्या आरएफसी 7636 प्रमाणे त्या कोडबरोबर ॲपने सुरुवातीला स्वतःजवळ ठेवलेली एक गुप्त अक्षरमाळाही सर्व्हरला द्यावी लागते. ती नसेल तर सर्व्हर टोकन देत नाही.